इंजिन शेवटी निवडावे : वेगवान छोट्या विमानांचा इतिहास

‘रेडिओवर चालणारे विमानाचे मॉडेल अधिक वेगाने उडवायचे असेल तर काय करावे?’ हा प्रश्न नववी-दहावीच्या वर्गात विचारून पाहावा. बहुतेक सगळीकडून एकच उत्तर येते : मोठे इंजिन बसवावे. दुप्पट शक्तीचे इंजिन बसवले तर वेग किती वाढेल, असे पुढे विचारले तर ‘दुप्पट’ हे उत्तरही ठरलेलेच असते. एन.सी.सी.च्या हवाई विभागात एअरोमॉडेलिंग शिकणारी मुलेसुद्धा विमानाची चौकशी ‘किती सी.सी.चे इंजिन आहे?’ इथूनच सुरू करतात.

ही समजूत स्वाभाविक असली तरी चुकीची आहे. ती का चुकीची आहे हे फळ्यावर दोन ओळींत दाखवता येते. पण या दोन ओळींचा अर्थ कळायला माणसांना फार वर्षे लागली. मॉडेल विमानांचा सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास म्हणजे या दोन ओळींवरचे एक लांबलचक भाष्य आहे, असे म्हटले तरी चालेल.

दोन ओळींचे गणित

पहिली ओळ अशी : हवेतून जाणाऱ्या वस्तूला हवेचा जो रोध होतो तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की रोध चौपट होतो. उलट्या वाऱ्यात सायकल चालवणाऱ्याला याचा अनुभव असतोच. दुसरी ओळ अशी : शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. चौपट रोधाविरुद्ध दुप्पट वेगाने जायचे, तर शक्ती आठपट लागणार. म्हणजेच लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते.

हेच उलट बाजूने पाहू. शक्ती दुप्पट केली तर वेग २ च्या घनमुळाइतका, म्हणजे १.२६ पट होतो. दुप्पट पैसे, दुप्पट इंधन आणि दुप्पट आवाज यांच्या बदल्यात फक्त २६ टक्के वेग मिळतो! तोही इंजिनाचे वाढलेले वजन हिशेबात न धरता. आता इंजिन तेच ठेवून विमानाच्या घाटात सुधारणा केली आणि रोध निम्म्यावर आणला, तर वेग नेमका तेवढाच, म्हणजे २६ टक्क्यांनी वाढतो. घनमुळातून सुटका कोणाचीच नाही. पण निम्मा केलेला रोध वजनात भर घालत नाही आणि इंधनही मागत नाही.

(पंख उचल निर्माण करतात त्यामुळेही एक वेगळा रोध होतो. सरळ जाणाऱ्या वेगवान विमानात तो लहान असतो, म्हणून तूर्त सोडून देऊ. वळणाच्या वेळी तो पुन्हा भेटेल.)

रबराच्या दोरीपासून वाफेपर्यंत

१८७१ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या त्युइलरी बागेत आल्फोंस पेनो या तरुणाने एक लहानसे मॉडेल उडवले. पीळ दिलेली रबराची दोरी हेच त्याचे इंजिन. सुमारे ४० मीटर अंतर ते ११ सेकंदांत गेले, म्हणजे वेग ताशी १३ किलोमीटरच्या आसपास, सायकलइतकाच. पेनोचे यश वेगात नव्हते. शेपटीचा छोटा आडवा पंख योग्य कोनात ठेवला तर विमान स्वतःचा तोल स्वतः सांभाळते, हे त्याने दाखवले. सांगाड्याचा अभ्यास इथून सुरू झाला.

पुढचे मोठे नाव अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख सॅम्युएल लँग्ली यांचे. ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर त्यांचे वाफेच्या इंजिनाचे मॉडेल सुमारे एक किलोमीटर उडाले. वजन ११ किलोग्रॅमच्या आसपास, इंजिन सुमारे एक अश्वशक्तीचे, वेग ताशी सुमारे ४० किलोमीटर. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हे या उड्डाणाचे साक्षीदार होते.

या यशानंतर लँग्लींनी माणसाला वाहून नेणारे विमान बांधायला घेतले. त्यासाठी त्यांचे सहायक चार्ल्स मॅन्ली यांनी ५२ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन तयार केले. त्या काळी वजनाच्या मानाने इतकी शक्ती देणारे इंजिन जगात दुसरे नव्हते. सांगाडा मात्र जवळजवळ मॉडेलचाच, आकाराने चौपट मोठा केलेला. इथे एक गोष्ट निसटली. प्रत्येक लांबी चौपट केली की पंखाचे क्षेत्रफळ सोळापट होते, पण घनफळ आणि त्याबरोबर वजन चौसष्टपट होऊ पाहते. मॉडेलला पुरेसा मजबूत असणारा घाट मोठ्या विमानाला तसाच पुरत नाही. ७ ऑक्टोबर आणि ८ डिसेंबर १९०३ असे दोनदा ते विमान तरंगत्या घरावरून सोडले गेले आणि दोन्ही वेळा नदीत कोसळले. सोडण्याच्या यंत्रणेत ते अडकले असे लँग्लींच्या बाजूने सांगितले गेले. पण सांगाडा त्या भारासाठी कमकुवत होता, असे नंतरच्या अनेक अभ्यासकांचे मत आहे.

दुसऱ्या अपयशानंतर नऊ दिवसांनी, १७ डिसेंबरला, राइट बंधूंचे विमान उडाले. त्यांचे घरगुती इंजिन अवघे १२ अश्वशक्तीचे होते. पण १९०१ साली त्यांनी स्वतः बांधलेल्या वातबोगद्यात पंखांचे दीडदोनशे नमुने तपासले होते, आणि प्रॉपेलर म्हणजे गोल फिरणारा पंखच होय हे ओळखून त्याचा घाट गणिताने ठरवला होता. किती शक्ती लागेल याचा हिशेब त्यांनी आधी केला आणि तेवढ्या शक्तीचे इंजिन मग बनवले. ५२ अश्वशक्ती नदीत आणि १२ अश्वशक्ती आकाशात, या एका उदाहरणात आपला सगळा विषय आलेला आहे.

इंजिन लहान होते

मॉडेलमध्ये बसेल असे पेट्रोल इंजिन सर्वांच्या आवाक्यात आले ते १९३० च्या दशकात. अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या बिल ब्राउन यांचे ‘ब्राउन ज्युनियर’ हे सुमारे १० घन सेंटिमीटर क्षमतेचे इंजिन एक पंचमांश अश्वशक्ती देई. १९३३ च्या राष्ट्रीय स्पर्धेत मॅक्सवेल बॅसेट या तरुणाने हे इंजिन लावलेले मॉडेल आणले आणि रबराच्या दोरीवर उडणाऱ्या मॉडेलांना असे मागे टाकले की, इंजिनांच्या मॉडेलांसाठी वेगळा गट करावा लागला.

रेडिओची कथा जवळजवळ याच काळातली. मिशिगन राज्यातील वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ साली ‘गफ’ नावाचे रेडिओ-नियंत्रित मॉडेल उडवले. आज ते स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. त्याच्या पंखांचा पसारा जवळजवळ अडीच मीटर होता. तो एवढा मोठा का, याचे उत्तर इंजिनात नसून रेडिओत आहे. व्हॉल्व्हचा रेडिओ आणि त्याच्या बॅटऱ्या यांचे ओझे उचलायचे तर पंख मोठे हवेत, आणि मोठे पंख म्हणजे मोठा रोध. त्यामुळे पुढची वीसपंचवीस वर्षे, ट्रान्झिस्टर येऊन रेडिओ हलका होईपर्यंत, रेडिओचे विमान हे संथ विमानच राहिले. वेगाचे प्रयोग दुसरीकडे चालू होते.

ते चालू होते पोलादी तारेला बांधलेल्या विमानांवर. उडवणारा मध्यभागी उभा राहतो, हातातल्या मुठीला दोन बारीक तारा, आणि विमान त्याच्याभोवती फेऱ्या मारते. १९४० च्या सुमारास अमेरिकेत जिम वॉकर यांनी ही पद्धत लोकप्रिय केली. रेडिओचे ओझे नसल्यामुळे इथे इंजिनाचा कस लागला. इंजिनात जे मोठे शोध लागले त्यांतले तीन आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत.

पहिला शोध ग्लो प्लगचा. १९४७ साली रे आर्डेन यांनी ठिणगीच्या जागी प्लॅटिनमच्या तारेचे एक बारीक वेटोळे बसवले. सुरुवातीला बॅटरी लावून ते तापवायचे. इंजिन सुरू झाले की बॅटरी काढून टाकायची. पुढे दाबाने तापलेली हवा आणि प्लॅटिनमच्या सान्निध्यात होणारे मिथेनॉलचे ज्वलन यांमुळे वेटोळे आपोआप लाल राहते. रसायनशास्त्राच्या तासाला उत्प्रेरकाचे याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. ठिणगीसाठी लागणारी बॅटरी, कॉइल आणि कंडेन्सर हे सगळे वजन एका क्षणात गेले.

दुसरा शोध इंधनाचा. इंजिन किती शक्ती देते हे इंधन किती आहे यापेक्षा इंजिन दर फेऱ्याला किती हवा आत ओढते यावर ठरते. एक किलोग्रॅम पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते, मिथेनॉलला ६.४, तर नायट्रोमिथेनला केवळ १.७, कारण नायट्रोमिथेनच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. किलोमागे नायट्रोमिथेनमधली ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे पाव असली, तरी तेवढ्याच हवेत ते कितीतरी जास्त जाळता येते. हिशेब केला तर एक किलोग्रॅम हवेमागे पेट्रोल सुमारे ३ मेगाजूल ऊर्जा देते आणि नायट्रोमिथेन सुमारे साडेसहा. पुढे हा खर्चिक खेळ होऊ नये म्हणून आंतरराष्ट्रीय वेगस्पर्धांत मिथेनॉल व तेल यांचे ठरावीक मिश्रणच सर्वांना देण्याचा नियम झाला.

तिसरा शोध सूर लावलेल्या नळीचा. दोन-स्ट्रोक इंजिनात जळका वायू बाहेर जाताना थोडे ताजे मिश्रणही बाहेर निसटते. पूर्व जर्मनीत एम.झेड. मोटारसायकलींवर काम करणाऱ्या वॉल्टर कादन यांनी १९५० च्या दशकात यावर उपाय परिपूर्ण केला. धुराड्याच्या नळीचा आकार असा ठेवायचा की, बाहेर जाणारी दाबाची लाट नळीच्या टोकाशी परावर्तित होऊन परत येईल आणि निसटणारे मिश्रण द्वार बंद होण्यापूर्वी आत ढकलेल. १९६० च्या दशकात ही नळी मॉडेल विमानांत आली. हिशेब सोपा आहे. मिनिटाला ३०,००० फेरे म्हणजे एका फेऱ्याला २ मिलिसेकंद. द्वार सुमारे अर्धा फेरा, म्हणजे १ मिलिसेकंद उघडे असते. तप्त वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ५०० मीटर धरला, तर तेवढ्या वेळात लाट ५० सेंटिमीटर जाते. जाणे-येणे मिळून ५०, म्हणून नळी सुमारे २५ सेंटिमीटर. बासरीची लांबी आणि तिचा सूर यांचा जो संबंध, त्याच जातीचा हा संबंध आहे.

ब्राउन ज्युनियरच्या काळाशी तुलना केली तर दर घन सेंटिमीटरमागे मिळणारी शक्ती या सगळ्यामुळे वीसपटीच्या आसपास वाढली. पण २० चे घनमूळ किती? सुमारे २.७. म्हणजे केवळ इंजिनाच्या जोरावर, तीस वर्षांच्या कौशल्यानंतर, वेग पावणेतीनपटीपर्यंतच जाऊ शकत होता. बाकीचा वेग सांगाड्याने मिळवला.

वेग एक, सांगाडे दोन

दोन स्पर्धांची विमाने शेजारी ठेवली तर इंजिनाइतकाच विचार सांगाड्याचा का करावा लागतो ते दिसते. दोन्ही विमाने ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास उडतात, पण त्यांचे रूप इतके वेगळे की ती एकाच जातीची वाटू नयेत.

पहिले तारेवरचे वेग-विमान. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार इंजिन २.५ घन सेंटिमीटरचे आणि तारेची त्रिज्या १७.६९ मीटर. ही विचित्र संख्या का, हे विद्यार्थ्यांना शोधू द्यावे : तिच्या परिघाच्या नऊ फेऱ्या म्हणजे बरोबर एक किलोमीटर. ताशी ३०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ८३ मीटर वेगाने या वर्तुळात फिरताना अभिकेंद्री त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ४० पट होते. पण ते बल देते कोण? तार. पंखांना फक्त विमानाचे वजन उचलायचे असते. म्हणून या विमानाला आतल्या बाजूला एक अरुंद पंख असतो आणि बाहेरच्या बाजूचा पंख जवळजवळ नसतोच. प्रॉपेलरलासुद्धा एकच पाते आणि दुसऱ्या बाजूला तोल राखणारे वजन! जे लागत नाही ते काढून टाकायचे, हे तत्त्व इथे टोकाला नेलेले दिसते.

दुसरे विमान रेडिओवरचे, खांबांभोवती शर्यत करणारे. तीन खांबांचा त्रिकोण, दोन लांब बाजू १८० मीटरच्या आणि पाया ४० मीटरचा; ४०० मीटरच्या दहा फेऱ्या. इंजिन ६.६ घन सेंटिमीटरचे. निष्णात वैमानिक हे अंतर एका मिनिटाच्या आत कापतात. इथे वळताना तार नाही. २५ मीटर त्रिज्येचे वळण ८३ मीटर वेगाने घेतले तर त्वरण गुरुत्वाच्या २८ पट होते. म्हणजे २.४ किलोग्रॅमच्या विमानाच्या पंखांनी त्या क्षणी सुमारे ६७ किलोग्रॅमचा भार पेलायचा. उचलीमुळे होणारा रोध उचलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मघाशी बाजूला ठेवलेला रोध इथे एकदम ७०० पटींहून अधिक होतो. म्हणून या विमानाला दोन्ही बाजूंना चांगले लांब पंख लागतात. सरळ रेषेत ते थोडे महाग पडतात, पण वळणावर ती किंमत वसूल होते. दोन विमानांचा वेग एकच आहे. वळवणारे बल कोण देते, एवढ्या एका फरकाने सांगाडा बदलला.

इंजिनाची पाळी

आता या दुसऱ्या विमानासाठी इंजिन निवडू. पंखाचे क्षेत्रफळ ०.३४ चौरस मीटर आणि रोधगुणांक ०.०२ मानू. हवेची घनता दर घन मीटरला १.२ किलोग्रॅम. सेकंदाला ८३ मीटर वेगाला रोध येतो सुमारे २८ न्यूटन, आणि शक्ती सुमारे २,३५० वॅट, म्हणजे तीन अश्वशक्तींहून थोडी अधिक. निम्म्या वेगाला हीच शक्ती ३०० वॅटच्या आत येते. ही प्रत्यक्ष रोधाविरुद्ध लागणारी शक्ती झाली. प्रॉपेलरमध्ये जे वाया जाते तेवढे इंजिनाने जास्त द्यायला हवे.

शक्ती ठरली, तरी काम संपत नाही. प्रॉपेलर एका फेऱ्यात जितका पुढे सरकू पाहतो त्या अंतराला पिच म्हणतात. १८ सेंटिमीटर पिचचा प्रॉपेलर मिनिटाला २८,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ८४ मीटर पुढे जाऊ पाहील. आपल्याला हवा तेवढाच वेग. पिच १० सेंटिमीटरचा लावला तर इंजिन कितीही ओरडले तरी विमान सेकंदाला ५० मीटरच्या फार पुढे जाणार नाही. सायकलला चढावाचा गिअर लावून सपाट रस्त्यावर शर्यत लावण्यासारखे ते होईल. उलट, व्यास वाढवला तर पात्यांची टोके ध्वनीच्या वेगाजवळ पोचतात. १८.५ सेंटिमीटर व्यासाच्या प्रॉपेलरचे टोक २८,००० फेऱ्यांना सेकंदाला सुमारे २७० मीटर वेगाने फिरते. ४०,००० फेऱ्यांना तेच टोक ध्वनीलाही मागे टाकील, आणि मग शक्ती आघातलाटांत खर्च होऊ लागेल. शिवाय सूर लावलेली नळी ठरावीक फेऱ्यांनाच साथ देते. त्यामुळे जमिनीवर जोरदार वाटणारी जोडी हवेत निष्प्रभ ठरू शकते, आणि जमिनीवर अडखळणारी जोडी हवेत प्रॉपेलरवरचा भार हलका झाल्यावर सुरात येते.

अखेर उतरायचेही असते. २.४ किलोग्रॅमचे हे विमान ताशी ४० किलोमीटरच्या आसपास वेगापर्यंत हवेत तरंगू शकते. वजन दुप्पट केले तर हा किमान वेग २ च्या वर्गमुळाइतका, म्हणजे १.४ पट वाढतो. जड इंजिन अशा रीतीने उतरतानाही आपली किंमत मागते. आणि मंद विमानाच्या लवचीक सांगाड्यावर शक्तिमान इंजिन चढवले तर ठरावीक वेगाला पंख किंवा सुकाणूची पट्टी फडफडू लागते. या फडफडीला ऊर्जा हवाच पुरवते, त्यामुळे ती वाढत जाऊन क्षणार्धात विमानाचे तुकडे होतात.

इथे सुरक्षिततेचाही हिशेब करावा. २.४ किलोग्रॅमचे विमान ताशी ३०० किलोमीटर वेगाने जाताना त्याची गतिज ऊर्जा सुमारे ८,३०० जूल असते. स्वारासह २०० किलोग्रॅमची स्कूटर ताशी ३३ किलोमीटरने जाताना जेवढी, तेवढी. चालवणाऱ्याला निर्णय घ्यायला एक तृतीयांश सेकंद लागला तर तेवढ्यात हे विमान २८ मीटर पुढे गेलेले असते. म्हणून ‘मोठे इंजिन बसवू या’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला हा आकडा काढायला लावणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे. अशी विमाने शाळेच्या मैदानावर उडवायची नसतात.

इंजिन असलेले आणि नसलेले

१९७१ साली सोव्हिएत संघाच्या गुकून आणि म्याकिनिन यांच्या पिस्टन-इंजिनाच्या रेडिओ-नियंत्रित मॉडेलने ताशी ३४३.९२ किलोमीटरचा विक्रम केला. यापुढे प्रॉपेलरची अडचण होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतील कुर्ट श्रेकलिंग यांनी घरच्या कार्यशाळेत छोटे जेट इंजिन बनवले. त्याच्या दाबचक्राचा मुख्य भाग चक्क प्लायवुडचा होता आणि त्यावर कार्बन तंतू गुंडाळलेले होते. या वाटेने पुढे जाऊन १५ सप्टेंबर २०१७ रोजी जर्मनीतच बालेनश्टेट येथे नील्स हेर्ब्रिख यांच्या जेट मॉडेलने ताशी ७४९.२२१ किलोमीटर वेग गाठला. यादरम्यान लिथियम बॅटऱ्या आणि ब्रश नसलेल्या मोटारी आल्या. बारीक लांबट मोटार नाकात पूर्ण लपते, बाहेर सिलिंडर राहत नाही. म्हणजे हा लाभही पुन्हा रोधाच्याच खात्यात जमा झाला.

पण जानेवारी २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात स्पेन्सर लिसेनबी यांच्या रेडिओ-नियंत्रित मॉडेलने ताशी ८८२ किलोमीटर वेग नोंदवला. या विमानाला इंजिन नव्हते.

हे कसे घडते? डोंगराच्या धारेवरून जोराचा वारा वाहत असतो आणि धारेच्या आडोशाला हवा जवळजवळ शांत असते. विमान शांत हवेतून वर येऊन समोरच्या वाऱ्यात शिरले की हवेच्या तुलनेत त्याचा वेग एकदम वाढतो. वळून ते वाऱ्याबरोबर पुन्हा आडोशात उतरते, तेव्हा पुन्हा वाढतो. प्रत्येक फेरीत दोनदा लाभ होतो. एका फेरीतला रोधाचा तोटा या लाभाइतका होईपर्यंत वेग चढत जातो. पक्षी पंख न हलवता असेही उडत असावेत, हे लॉर्ड रॅली यांनी १८८३ साली ‘नेचर’मध्ये मांडले होते. १९९० च्या दशकात जो वर्ट्स आणि त्यांच्यासारख्या हौशी मंडळींनी ते रेडिओच्या ग्लायडरवर उतरवले. चांगल्या ग्लायडरला वाऱ्याच्या सुमारे दहापट वेग मिळतो.

इंजिन नाही म्हणजे शक्ती फुकट मिळाली, असा अर्थ घेऊ नये. घनाचा नियम इथेही लागू आहे. शक्ती वारा पुरवतो इतकेच. ती घ्यायला सांगाडा मात्र समर्थ हवा. सेकंदाला २४५ मीटर वेगाने ५० मीटर त्रिज्येत वळताना त्वरण गुरुत्वाच्या १२० पट होते. असे ग्लायडर नाजूक नसते. ते कार्बन तंतूंचे, भरभक्कम आणि मुद्दाम जड केलेले असते, आणि पंखाचा छेद ध्वनिवेगाच्या जवळ वागेल असा आखलेला असतो. राइट बंधूंनी जी रीत घालून दिली तीच इथे पूर्णत्वाला गेली आहे. आधी वेग ठरवा, मग रोध, मग मजबुती. शक्तीचा प्रश्न सर्वांत शेवटी.

वर्गात करून पाहण्याजोगे

घनाचा नियम दाखवायला विमान लागत नाही. वहीच्या कागदाची पाच सारखी वर्तुळे कापा. प्रत्येकातून सारखीच एक फाक काढून कडा चिकटवा, म्हणजे पाच सारखे पसरट शंकू होतील. चार शंकू एकात एक बसवा. आता एक शंकू दोन मीटर उंचीवरून आणि चौघांचा गठ्ठा चार मीटर उंचीवरून, टोक खाली ठेवून, एकाच वेळी सोडा. पहिल्या मजल्याचा सज्जा त्यासाठी सोयीचा आहे. दोन्ही जवळजवळ एकाच वेळी जमिनीवर पोचतील.

आकार तोच, वजन चौपट, वेग दुप्पट. यावरून रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो हे सिद्ध झाले. मग विद्यार्थ्यांना विचारावे, गुरुत्वाकर्षण एका शंकूवर सेकंदाला किती काम करते आणि गठ्ठ्यावर किती? वजन गुणिले वेग. चार गुणिले दोन. आठ हे उत्तर त्यांनी स्वतः काढले, की ‘दुप्पट इंजिन, दुप्पट वेग’ ही समजूत खोडून काढण्यासाठी शिक्षकाला वेगळे काही सांगावे लागणार नाही.